उजवीकडचा

"आपला उजवीकडचा हाय," हिंदुराव तिसऱ्यांदा म्हणाले. "पडलंय ते डावीकडचं. नीट बघ की."

बायडाबाईंना बघवत नव्हतं. पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या टीव्हीसमोर फरशीवरच बसल्या होत्या. पडद्यावर हवाई दलाची तीन विमानं होती. एक पुढे आणि दोन त्याच्या मागे, डावी-उजवीकडे. डावीकडचं एकाएकी पुढच्याच्या अंगावर गेलं आणि आगीचा लोळ उठला. पुढच्या वैमानिकाची छत्री उघडली, डावीकडच्याची उघडली नाही. तिसरं विमान सुखरूप उतरलं, असं बातमीदार ओरडून सांगत होता. चॅनेलवाल्यांनी डाव्या विमानाभोवती लाल गोल काढला होता आणि धडकेचा तेवढाच तुकडा ते दळण दळल्यासारखे दाखवत होते. नावं अजून जाहीर झाली नव्हती. पण तळ त्यांच्या मुलाचा, इंद्रजीतचाच होता, आणि त्याचा फोन बंद होता.

"मग फोन का लागंना त्याचा?"

"समद्यांचेच बंद ठेवायला लावले असतील. मिलिटरी हाय ती, धायरीचा बाजार न्हाय."

हिंदुराव एरवी इतक्या मोठ्याने बोलत नसत. घाबरले होते ते. फक्त त्यांच्याकडे धरायला एक गोष्ट होती आणि ती त्यांनी घट्ट धरली होती.

दिवाळीच्या सुट्टीत इंद्रजीतने टेबलावर तीन वाट्या मांडून त्यांना सगळं समजावलं होतं. "मी कायम उजवीकडे, आबा. आमच्या जागा ठरलेल्या असतात." हिंदुरावांना ते फोड करून सांगावं लागलं नाही. आज जिथे सोसायटीचं पार्किंग आहे, तिथे त्यांनी तीस वर्षं औत हाकलं होतं. "म्हंजे बैलावानीच," ते म्हणाले होते. "एकदा उजव्या अंगाला जुंपला की जन्माचा उजवा." पोरगा पोट धरून हसला होता.

खालच्या मजल्यावरच्या कांताबाई चपला न घालताच वर आल्या.

"अहो, आमचे हे पण तेच म्हणतायत. उजवीकडचा वाचलाय. इंद्रजीत उजवीकडेच असतो ना?"

"उजवीकडंच," हिंदुराव म्हणाले.

दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर बायडाबाईंना ते खरं वाटलं. नवऱ्याचं म्हणणं त्यांना आयुष्यात कधी एकट्याने पटलं नव्हतं. त्या हमसून हमसून रडल्या, मग डोळे पुसून उठल्या आणि देवापुढे साखर ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या. कांताबाई त्यांच्या पाठोपाठ गेल्या.

हिंदुरावांनी चॅनेल बदललं. इथे लाल गोल नव्हता. कुणी तरी मोबाईलवर घेतलेलं तेच चित्रण पहिल्यापासून दाखवत होते. लांब डोंगरावर तीन ठिपके होते. ते मोठे झाले, त्यांना पंख फुटले, नाकं दिसू लागली. तिन्ही नाकं हिंदुरावांच्या दिशेने होती.

ते जरा पुढे सरकून बसले.

बायडाबाई शेतात भाकरी घेऊन यायच्या तेव्हा बांधावरून, बैलांच्या समोरून यायच्या. "उजवा लंगडतोय की ओ," असं लांबूनच ओरडायच्या, आणि लंगडत असायचा डावा. दर वेळी चुकायच्या. दर वेळी हिंदुराव कासरा हातात धरून हसायचे. "अगं येडे, बैलाच्या मागं हुबं ऱ्हाऊन बघावं. समोरनं उलटं दिसतंय."

विमानं समोरून येत होती. पडद्यावर जे डावीकडे दिसत होतं, ते उजवीकडचं होतं.

त्यांनी आपला उजवा हात उचलला, पडद्याकडे पाठ करून बसले, पुन्हा हात उचलला. काही केल्या हिशेब बदलेना. टीव्हीवर पुन्हा धडक झाल्याचा आवाज आला.

आत देवाची घंटा वाजली. बायडाबाई बाहेर आल्या, त्यांनी नवऱ्याच्या तळहातावर साखर ठेवली आणि त्याच्या शेजारी सोफ्यावर टेकल्या. चेहरा निवळला होता. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना दुसऱ्या कुणाची आठवण झाली.

"अहो, त्या डावीकडच्याला पण आई असंल की कुठं तरी."

हिंदुरावांनी टीव्ही बंद केला.

"तिला कळलं असंल का ओ?"

"न्हाय," हिंदुराव म्हणाले. "अजून न्हाय."