घपासून

मुळाक्षरांच्या तक्त्यावरचं शेवटचं अक्षर ज्ञ. त्या अक्षराचं एकच पुस्तक निघालं. देवाजीनं ते तिसऱ्या कपाटाच्या खालच्या फळीवर टेकवलं आणि कंबर धरून उभा राहिला. सकाळपासून नऊशे पुस्तकं त्यानं खाली उतरवली होती आणि पुन्हा वर चढवली होती. रविवार होता. शाळेत चिटपाखरू नव्हतं. तरी आवारात सागाचं वाळकं पान वाजलं की तो दाराकडे पाहायचा.

तक्ता त्यानं शेजारच्या प्राथमिक शाळेतून, पहिलीच्या भिंतीवरून गुपचूप काढून आणला होता. अंधार पडायच्या आत तो खिळ्यावर परत गेला पाहिजे होता.

हायस्कूलच्या या लायब्ररीत तो दहा वर्षं शिपाई होता. पोरांनी पुस्तकाचं नाव घ्यावं आणि देवाजीचा हात नेमका त्यावर पडावा. पुस्तकं कशी लावली, हे कोणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. अक्षरं तो चाळिशीत शिकला, गावातल्या साक्षरतेच्या वर्गात. तिथल्या पुस्तकात पहिला धडा घर, दुसरा पान, तिसरा तळं. म्हणून घ, र, प, न, त, ळ. याच ओळीनं अक्षरं त्याच्या डोक्यात बसली आणि याच ओळीनं पुस्तकं कपाटात. शेजारची पोरं अ आ इ ई घोकायची, ते त्याला गाण्यासारखं वाटायचं. पुस्तकांनीही त्याच गाण्याप्रमाणे उभं राहायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

नाहीदबाई आल्यावर ते कळलं. शाळेला कॉम्प्युटर मिळाला आणि त्यात पुस्तकांची यादी चढवायला बल्लारपूरची ही तरुण ग्रंथपाल नेमली गेली. पहिल्याच दिवशी ती कपाटासमोर थबकली.

"भाऊ, हे घ सगळ्यात आधी काऊन?"

"जागा नोती, बाई," देवाजी म्हणाला. कानाच्या पाळ्या तापल्या.

त्या दिवसापासून दोन महिने त्याला घास गोड लागला नाही. बाई कपाटापुढे उभी राहायची, स्वतःशीच हसायची, छोट्या वहीत काही लिहायची. एकदा वही उघडी राहिली. घ, र, प, न. त्याची चूक ओळीनं टिपून ठेवलेली. त्यात हेडमास्तर गुणवंतराव येता-जाता बोलायचे, "देवाजी, आता पुस्तक मशीनच दाखवते. सोमवारी जिल्ह्याचे साहेब पाहून गेले का तू घंटेवर. घंटा वाजवाले अ आ लागत नाई."

बाईनं त्यांना सांगितलंच म्हणायचं. देवाजीनं शनिवारी कपाटांच्या किल्ल्या घरी नेल्या. साहेबांपुढे कपाटं बरोबर दिसली, तर कदाचित लायब्ररी सुटणार नाही.

सोमवारी साहेबांची जीप आणि बाईची एसटी एकाच वेळी पोचली. बाईला कपाटांकडे बघायलाही फुरसत मिळाली नाही. साहेब खुर्चीत बसले. आठवीतल्या रीनाला पुढे बोलावून म्हणाले, "सांग बेटा, कोणतंही पुस्तक."

"घोरपडीचं लग्न."

पोरं हसली. बाईनं नाव टाइप केलं. पडद्यावर उमटलं : कपाट पहिलं, वरची फळी, तिसरं पुस्तक. रीना धावत गेली आणि हातात अंकगणित घेऊन परत आली.

"दुसरं सांग," साहेब म्हणाले.

"रानातल्या जडीबुटी."

पुन्हा पहिलंच कपाट. रीनानं या वेळी इंग्रजांचा इतिहास आणला. पोरं आता हसेनात. तिसऱ्या पुस्तकाचंही तेच झालं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. गुणवंतराव नाहीदबाईवर वळले.

"बाई, दोन महिने काय टायपून राह्यल्या होत्या तुमी? याच्यापेक्षा आमचा देवाजी बरा. साहेब, मशीन ऑफिसात ठेवू. इथी देवाजीच राहू द्या."

देवाजीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग छातीवरून धोंडा उतरला. लायब्ररी राहिली. घंटा टळली. काही बोलायची गरज नव्हती.

बाई कपाटांकडे पाहत होती, मग देवाजीच्या नखांत अडकलेल्या धुळीकडे. तिचा चेहरा हळूहळू पडला. तिनं एक बटण दाबलं आणि यादी मिटून पहिलं पान आलं.

देवाजी दोन महिने त्या पडद्याकडे बघायचं टाळत होता. आता पाहिलं. वाचायला तो सावकाश होता, एकेक अक्षर ओठांवर घेऊन वाचायचा. पण ही ओळ वाचावी लागली नाही. ती त्याला पाठ होती.

"पुस्तकं या क्रमानं आहेत : घ, र, प, न, त, ळ..."

खाली आणखी एक ओळ होती. ती मात्र त्यानं दोनदा वाचली.

"मांडणी : देवाजी मडावी."

साहेब उठले. फाइल बंद झाली. गुणवंतराव त्यांना वाट करून देत दाराकडे निघाले. देवाजी मधे आला. दारात उभा राहिला.

"मशीन बरोबर हाये, साहेब. बाईची काई चूक नाई," तो म्हणाला. "काल म्या पुस्तकं अपासून लावली. ते चुकलं."