भाजी संपवली
घोटीहून येताना आशाने लेकीचं दुखणं पाठ केलं होतं, पण नाशिकचा डॉक्टर तिला काही विचारेचना. खाली बसून तो तेजलशीच गप्पा मारत होता. असला कसला डॉक्टर? “पोट कुठं दुखतं गं?” “नाय दुखत.” “खोटं बोलती, साहेब! रातभर कळवळत व्हती.” तेजलने छातीशी धरलेला डबा उघडून दाखवला. रिकामा होता. “सगळी मेथी खाल्ली. आता सुई नाय ना?” भाजी टाकलीस तर डॉक्टर सुई टोचतील, असं आशाच रोज दटावायची. डॉक्टर म्हणाला, “भाजीसाठी सुई नसते. लागलीच तर सांगून देईन, थोडं दुखेल. पण आधी कुठं दुखतंय, ते सांग.” तेजलने संशयाने आईकडे पाहिलं. आशाची मान खाली गेली. “खरंय त्यांचं. मीच खोटं सांगायचे.” तेजलने झाकण लावलं आणि पोटाच्या उजव्या बाजूला बोट ठेवलं.