चौथी माळ

घट बसले त्या दिवशी सासूबाईंनी सुनेच्या, चंद्रप्रभाच्या, गोळ्या काढून घेतल्या. "उपवासात औषध चालत न्हाय." कमरेचं दुखणं आणि खचलेलं मन, दोन्ही त्या रोजच्या एका गोळीनं आटोक्यात होती. अचानक सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चौथ्या माळेला आरतीत तिच्या डोक्यात विजेसारखे झटके बसू लागले. ती थरथरत, रडत खाली बसली. "अंगात आलं!" बायका ओरडल्या. कुणी मळवट भरला, कुणी पोराच्या नोकरीचं विचारलं. "देवी न्हाय वो, मरायले मी," ती कळवळली, कुणी ऐकेना. सासूबाईंनी पदर पसरला. "आई, काय पायजे तुला?" तिनं आवाज बदलला. "हिची गोळी आण." त्यांनी धावत जाऊन दोन आणल्या. "एकच. आन् डॉक्टरला फोन लाव." सासूबाईंनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय मागं घ्यायचंही तिच्यात त्राण नव्हतं.