दांडा डावीकडेच

शेंगा फोडायच्या यंत्राचा शोध इथलाच, म्हणून स्मारक नाण्यावर त्याचंच चित्र घ्यायचं ठरलं. जुन्या फोटोत यंत्राचा दांडा डावीकडे होता. चाळीस वर्षं साच्यात उलटी चित्रं कोरणाऱ्या कारागिराने फोटो पाहताक्षणी ठरवून टाकलं, हा उलटा छापलाय. आणि प्लास्टरच्या नमुन्यात त्याने दांडा उजवीकडे घेतला. समितीला नमुना पसंत पडला. अडून बसली ती एकटी संशोधकाची सत्तरीतली लेक.

“दांडा डावीकडेच हवा.”

“आजी, उलटं-सुलटं मला नका शिकवू. माझा जन्म गेलाय त्यात!” कारागीर इरेला पेटला.

अध्यक्ष वैतागले. “मत घेऊन टाकू. नमुना मान्य?” भराभर हात वर झाले. “विरोधात कोण?”

आजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि डावा हात ताठ वर केला. तशी खांद्यावरची शाल घसरली. उजवी बाही रिकामीच लोंबत होती.

“बाबांनी ते यंत्र माझ्यासाठी केलं होतं,” त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी तोंड उघडायच्या आत कारागिराने नमुन्यावरचा दांडा खरवडायला घेतला होता.