काळ्यावरचं निळं

आईचा डोळा लागला, तशी लेकीने तिच्या मांडीवरची भरतकामाची रिंग अलगद काढून घेतली आणि ती खिडकीशी जाऊन बसली.

बारीक भोकाभोकांच्या काळ्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी संध्याकाळची एक गल्ली उमटत होती. भिंती झाल्या होत्या, छपरं होत आली होती. खिडक्या तेवढ्या सोनेरी जरीने भरायच्या. आजच्या खिडकीची आईने पार वाट लावली होती. एक फुली डावीकडे कललेली, दुसरी उजवीकडे, तिसरी तर भोक सोडून भलतीकडेच. साध्या दोऱ्यात असलं खपून जातं. जरीत नाही. जरीच्या सगळ्या फुल्या एकाच अंगाला कलल्या पाहिजेत, नाहीतर उजेड पडला की आधी चूकच चमकते.

उसवणं त्याहून जिकिरीचं. जर ओढली की सोनं सोलून निघतं आणि आतला पांढरा दोरा उघडा पडतो. म्हणून मागून एकेक टाका कापायचा, चिमट्याने काढायचा आणि नवी जर लावायची. तीही हातभरच, लांब घेतली की पदर सुटून गुंता होतो. बोटाच्या पेराएवढी खिडकी, पण सगळी दुपार खायची. आई उठायच्या आत रिंग तिच्या मांडीवर परत जायची. आईला कळता कामा नये, एवढंच लेकीने मनाशी धरलं होतं. आपलं काम कोणी उसवतंय हे कळलं असतं, तर म्हातारीने पुन्हा सुई हातात धरली नसती.

लेक माहेरी आली होती ती तिची पोर तापात गेली तेव्हा. आली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. केस विंचरायची नाही, हाक मारली तर ओ द्यायची नाही. एके काळी आईच्या बरोबरीने भरतकाम करायची. आता सुई दिसली तरी तोंड फिरवायची, कारण पोरीच्या फ्रॉकवरचं बदक अर्धंच राहिलं होतं. आई ताट वाढून ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची.

मग एक दिवस आईने खुर्चीतून हाक मारली.

"जरा इकडे ये ग. डोळ्यांपुढे नुसता धुरळा दिसतोय. एवढी सुई ओवून दे."

आईचे डोळे चालले म्हटल्यावर उठणं भागच होतं. लेक उठली. डॉक्टरकडे चल म्हणाली, तर आईने उडवूनच लावलं.

"डोळे रिटायर झाले माझे. पेन्शन म्हणून तू आहेस ना!"

तेव्हापासून सकाळी आई भरायची आणि दुपारी लेक उसवायची. उसवायचं म्हणजे तोंड धुऊन, केस बांधून उजेडात बसणं आलं. भूकही लागायला लागली.

शेजारची मावशी एकदा येऊन टोकून गेली. "अग, दिसत नाही तर जर कशाला घेऊन बसतेस? लेकीला दे. तिचा हात बघ कसा आहे."

"तिला कशाला? माझं मी करते," आई म्हणाली. "वाकडं तर वाकडं. मला काय ते लग्नाला उभं करायचंय?"

मावशी खो खो हसली. लेकही हसली. आणि मग आपल्याच हसण्याला दचकली.

थंडी सरता सरता आई गेली. खुर्चीतच, रिंग मांडीवर तशीच. लेकीला वाटलं, झोपलीय. तिने सवयीने रिंग उचलली, खिडकीशी बसून त्या दिवशीची खिडकी उसवली, पुन्हा भरली. चहाची वेळ टळून गेली, तरी आई उठली नाही.

आलेगेले सगळे पांगल्यावर लेकीने रिंग पुन्हा हातात घेतली. गल्लीच्या टोकाच्या घराची एकच खिडकी राहिली होती. ती कुठे येते, हे सांगायला आता आईचे वाकडे टाकेही नव्हते. छपराच्या कडेपासून भोकं मोजत यायला हवं होतं. काळ्या कापडावर भोकं दिसत नाहीत, म्हणून तिने मांडीवर पांढरा टॉवेल पसरला आणि त्यावर कापड धरलं. इतके दिवस तिची नजर सोन्यावरच होती. छपरांकडे तिने धड पाहिलंच नव्हतं.

छपरं गडद निळ्या दोऱ्याची होती. एकही भोक चुकलेलं नव्हतं. एकूण एक फुली एकाच अंगाला कललेली.

मावशी डबा घेऊन आली होती, तीही वाकून पाहायला लागली. "काळ्यावर निळं? मला तर चष्मा लावूनही वेगळं कळत नाही. डोळे चांगले होते तेव्हाचं का ग हे?"

"नाही," लेक म्हणाली. "याच दिवसांतलं. ही निळी लड मीच आणून दिली होती. डोळ्यांपुढे धुरळा दिसतो म्हणायला लागली, त्याच्या नंतर."

मावशीने चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली. लेकीने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

मग तिने जर कापली, हातभरच. सुई ओवली. शेवटची खिडकी तिने नीट, एकाच अंगाला कललेल्या फुल्यांनी भरत आणली. अगदी शेवटची फुली तेवढी मुद्दाम उलटी घातली, आणि ती उसवली नाही.