लाल फडकं

लाइट गेली आणि ग्रुपला जाग आली.

शिवणयंत्रावर वाकलेल्या तिनं पाय थांबवला आणि मोबाइल उचलला. ‘आपली गल्ली, आपली माणसं’ असं ग्रुपचं नाव. कोण आजारी, कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, सगळं तिला तिथं आधी कळायचं. नवरा तिला घरचं बातमीपत्र म्हणायचा. नवरा वायरमन. आत्ता तोच पाण्याच्या टाकीमागच्या खांबावर चढून जळालेली तार बदलत होता, आणि त्यासाठीच त्यानं गल्लीची लाइट बंद केली होती. तिनं लगेच लिहिलं, ‘टाकीमागं काम चालू आहे. तासाभरात येईल.’

त्यावर मेडिकलवाल्यानं एक व्हिडिओ टाकला. विजेचं ऑफिस, टेबलावर पाय टाकून बसलेली माणसं, हातात पत्ते. खाली ओळ होती: ‘बघा, काम जोरात चालू आहे.’

झालं. जो तो उठला आणि लिहू लागला. आम्ही इथं घामानं भिजतोय आणि साहेबांचा डाव रंगलाय. फुकट पगार खातात लेकाचे. खरं तर व्हिडिओ कुठला कुणास ठाऊक. त्या माणसांचे शर्ट निळे होते, आणि इथले वायरमन खाकी घालतात; नवऱ्याचे तर तीच शिवायची. तिनं तसं लिहिलं.

‘वहिनी, तुम्ही बाजू घेणारच,’ मेडिकलवाला म्हणाला आणि पुढं डोळा मारणारा चेहरा चिकटवला. त्याच्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. समोरची मास्तरीणबाईसुद्धा हसली. गेल्याच आठवड्यात तिचे दोन ब्लाउज हिनं अडीनडीला रातोरात शिवून दिले होते.

तिला झोंबलं. बसा म्हणावं बोंबलत. तिनं मोबाइल यंत्रावर पालथा घातला आणि खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडात बाही जोडायला घेतली. मोबाइल थरथरत राहिला, पण तिनं ढुंकून पाहिलं नाही. एरवी भाजी करपली तरी ग्रुप न सोडणारी ती, आज हट्टाला पेटली होती. बाही पुरी केली, दोरा दातानं तोडला, आणि मगच मोबाइल सुलटा केला.

काकांचा निरोप होता. कोपऱ्यावरचे निवृत्त काका, गल्लीत कुणाचंही अडलं की आधी धावणारे. ‘पेटीची किल्ली आपल्याकडे असताना वाट कसली बघायची? निघालो.’

गल्लीची लाइट चालू-बंद करायच्या पेटीची ही किल्ली पूर्वी एकट्या नवऱ्याच्या कमरेला असायची. तिची एक जोड गल्लीत ठेवा म्हणून याच ग्रुपनं महिनाभर ऑफिसचं डोकं खाल्लं होतं. वाईटपणा नको म्हणून तिनंही त्या मागणीवर अंगठा उठवला होता. नवऱ्यानं तो पाहिला आणि म्हणाला, “तूसुद्धा? बरं, मग आता मला एक फडकं शिवून दे. लालभडक.”

काकांच्या निरोपाखाली फोटो होता. विजेची पेटी उघडी, कुणीतरी बॅटरीचा झोत धरलेला, काका हसतायत. त्यांचा एक हात मोठ्या खटक्यावर होता. दुसऱ्या हातातल्या फडक्यानं ते खटक्यावरची धूळ पुसत होते.

तिनं फोटो मोठा केला. ते लाल फडकं तिनं शिवलेलं होतं. ‘माणूस खांबावर आहे’ अशी पांढऱ्या कापडाची अक्षरं त्यावर जोडली होती, दुहेरी टीप मारून, उसवू नयेत म्हणून. वर चढण्याआधी नवरा ते खटक्याला बांधायचा. अक्षरं काकांच्या मुठीत चुरगळली होती.

तिनं नवऱ्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली. मोबाइल स्कूटरच्या डिकीत असणार. खांबावर मोबाइल न्यायचा नाही, अशी शपथ तिनंच त्याला घातली होती. काकांना लावला, तर ते दुसऱ्या फोनवर. मग तिनं ग्रुपवर लिहायला घेतलं. बोटं घसरत होती, भलतीच अक्षरं उमटत होती. ‘काका थांबा. हात लावू नका. हे वर आहेत.’

निरोप गेला. त्याच्या मागोमाग टाळ्या आल्या, अंगठे आले, ‘काका, दाखवाच त्यांना’ आलं, आणि तिचे शब्द वर सरकत सरकत दिसेनासे झाले.

ती उठली. टाकीकडं जावं की पेटीकडं, काही सुचेना. पेटी जवळ होती. एका पायात चप्पल सरकवली, दुसरी पायानं चाचपत होती, “अहो, थांबा हो” असं एकटीच पुटपुटत होती, तेवढ्यात डोक्यावरचा दिवा लागला.

पंखा सावकाश फिरायला लागला. स्वयंपाकघरात फ्रिजनं घरघर सुरू केली. बाहेर पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी थाळी बडवली. हातातला मोबाइल थरथरला.

‘लाइट आली. काकांचे जाहीर आभार.’

त्याखाली मेडिकलवाल्याचं आलं, ‘वहिनी, आता तरी हसा.’

ती दारातून मागं वळली. भिंतीपाशी गेली आणि दिव्याचं बटण बंद केलं. मग पंख्याचं. मग एका पायातली चप्पल तशीच ओढत ती स्वयंपाकघरात गेली, अंधारात भिंत चाचपत, आणि फ्रिजचंही बटण बंद केलं. मग न्हाणीघरातलं केलं. घरात आणखी कुठं बटण राहिलंय का, ते ती शोधत राहिली.