वेगळी वाटी

पहिलाच भुरका मारून नवऱ्याने वाटी बाजूला सारली. "काय गं हे? आमटी खारट झालीय!"

पोळी तव्यावर तशीच सोडून ती त्याच्याकडे बघत राहिली.

सिगारेटींनी त्याच्या छातीचं वाटोळं केलंच होतं, जिभेचंही केलं. रोज जेवताना 'अळणी, अळणी' अशी कुरकुर. शेवटी त्याच्या नकळत ती त्याची आमटी वेगळी काढून त्यात आणखी मीठ घालायला लागली. दिवाळीपासून सिगारेट सुटली होती, खोकलाही कमी झाला होता. तिचा हात मात्र आजही सवयीने मिठाच्या बरणीकडे गेला होता.

"हसतेस काय, रडतेस काय?"

"खारटच असते हो ती, कित्येक वर्षं. तुम्हाला आज कळलं." तिने वाटी उचलली. "थांबा, आजपासून आमच्यातली वाढते."